रक्तात होतं, डोळ्यांत गेलं नाही

महादेवपुरा, बेंगळुरू
८ जून २०२५

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार आणि पुढचं सगळं गृहीत धर. मला आता वाकता येत नाही, आणि आशीर्वाद द्यायच्या मनःस्थितीत तू नाहीस. फोन तू उचलत नाहीस. जयच्या फोनवरून केला तर माझ्या खोकण्यावरून ओळखतेस आणि ठेवतेस. म्हणून हे पत्र. धारवाडला अजून पोस्टमन येतो, आणि दारात आलेलं पत्र वाचल्याशिवाय तुला चैन पडणार नाही, इतकं मी तुला ओळखतो. शिव्या देत वाच, पण वाच.

मुद्द्याचं आधी. माझ्या शमिकाला पुन्हा दिवस गेलेत. जयतीर्थानं तुला सांगितलं असणारच, कारण लगेच तू त्याला शपथ घातलीस. "माझ्या गळ्याची शपथ, त्या तपासणीला रक्त द्यायचं नाही." तुझा मुलगा ऑफिसात चाळीस माणसांना कामाला लावतो, अमेरिकेतल्या साहेबांना उलट उत्तरं देतो, आणि तुझ्या एका वाक्यापुढे भिजलेलं मांजर झालाय. शमिकानं आपलं रक्त देऊनही टाकलं. हा शर्टाची बाही खाली ओढून बसलाय.

ते रक्त कशाला हवं ते ऐक. आपल्या नातीच्या, आर्याच्या रक्ताची जनुकांची तपासणी झाली. तिचे डोळे का झाले नाहीत ते त्यात सापडलं. आता पोटातल्या बाळाला तेच आहे का, हे पाहता येतं, पण त्याआधी आईबाप दोघांचं रक्त पाहून खात्री करायची असते. त्याशिवाय डॉक्टर पोटात सुई घालून बाळाचा नमुना घेणार नाहीत. आणि हे सगळं तिसरा महिना संपायच्या सुमारास व्हायला हवं. दिवस थोडे आहेत.

मी एक खटपट करून पाहिली. डॉक्टरांना म्हटलं, जावयाचा दाढीचा ब्रश आणून देऊ का? त्या हसल्या. म्हणाल्या, अंकल, त्यांच्या सहीशिवाय मी त्यांचा केससुद्धा हातात घेणार नाही. म्हणजे सगळं तुझ्यापाशी येऊन अडलंय. शपथ घालणाऱ्यानंच "सुटली" म्हणायचं असतं, लहानपणापासून आपला नियम आहे. तर म्हण.

दिवाळीत काय बोलणं झालं ते मी विसरलेलो नाही. तूही नाहीस. तू म्हणालीस, माझ्या गोळ्यांनी पोरीचे डोळे गेले. मी म्हणालो, तुझ्या शाकव्रतानं गेले. पोटुशी बाईला चातुर्मास म्हणून महिनाभर भाजीचं पान दाखवलं नाहीस, डोळे होतील कशाचे? आणि तू बोटं नाचवून विचारलंस, की सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात माशाच्या तेलाच्या गोळ्या कॉफीच्या पुडीत लपवून कुणी पाठवल्या? मी पाठवल्या. माध्व वैष्णवांच्या घरात मासा शिरला तो माझ्यामुळे, कबूल. पण आर्याचा त्याच्याशी संबंध नाही. तुझ्या शाकव्रताशीही नाही. हे मला आता नीट समजलंय, ते पुढच्या पत्रात लिहितो. आज हात दुखतोय.

तुझा
वासुदेव


१६ जून

अक्का,

उत्तर नाही. बरं.

डॉक्टर पवित्रा म्हणून एक बाई आहेत, शमिकापेक्षा थोड्या मोठ्या, तुमकूरच्या. माझ्याशी कन्नडमध्येच बोलतात. मी त्यांना दोनदा तेच तेच विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अंकल, स्वल्प तडीरी, जरा थांबा, चित्र काढून दाखवते." कागदाच्या मागच्या बाजूला काढलं. मी आयुष्यभर सरकारी कारखान्यात यंत्रांचे नकाशे वाचले, त्यामुळे चित्रावरून मला लवकर कळतं. तुला चित्राशिवाय सांगायचा प्रयत्न करतो.

आपण जे अ जीवनसत्त्व खातो ते यकृतात साठतं. चांगल्या खात्यापित्या माणसाच्या यकृतात ते महिनोन् महिने पुरेल इतकं असतं. म्हणजे तुझं एका महिन्याचं शाकव्रत त्याच्या खिजगणतीतही नव्हतं, शिवाय तू पोरीला दूधतूप ओतून घालत होतीस हे मीही पाहिलंय. माझ्या गोळ्यांचंही तसंच. जास्त झालं तर गरोदरपणी ते वाईट, हे खरं. पण शमिकानं त्यातल्या मोजून चारपाच गिळल्या आणि बाकीच्या तुझ्या भीतीनं तुळशीत पुरल्या. हे तिनं मला आत्ता सांगितलं. तुळस तेव्हा जोरात वाढली होती का ते तूच आठव.

तर यकृत ते जीवनसत्त्व एका वाहकाच्या हातात देतं. तेलकट पदार्थ, रक्तात सुटा राहत नाही. तो वाहक म्हणजे एक प्रथिन. तो त्याला पोटाशी धरून रक्तातून सगळीकडे फिरवतो. आता खरी गोष्ट. डोळ्याच्या पेशीच्या कातडीत आणखी एक प्रथिन बसलेलं असतं. वाहक येऊन त्याला टेकतो, ते त्याच्या हातातलं जीवनसत्त्व काढून आत घेतं, आणि वाहक बाहेरच्या बाहेर रिकामा निघून जातो. आमच्या या अपार्टमेंटच्या गेटावर हेच चालतं. पार्सलवाल्या पोराला आत सोडत नाहीत. सिक्युरिटीवाला पार्सल घेतो, पोरगा गाडी वळवतो.

आर्याच्या पेशींत ते घेणारं प्रथिन बिघडलेलं आहे. वाहक येत होता. हातात माल होता. दाराशी घ्यायला कोणी नव्हतं. पोटात डोळे घडतात त्या काही आठवड्यांत पेशींना ते आत हवंच असतं. नाही मिळालं. बाकीच्या अवयवांना दुसऱ्या वाटांनीही थोडंफार पोचतं, म्हणून तिचं हृदय, फुप्फुसं वाचली. सगळ्यांची वाचत नाहीत. डोळ्याला मात्र मुख्य वाट हीच.

मी विचारलं, मग जन्मल्यावर जास्त दिलं असतं तर? त्या म्हणाल्या, रक्तात आणखी वाढलं असतं. रक्तात कमी नव्हतंच. अक्का, आठ महिने तू तिला मठातलं तीर्थ पाजलंस आणि मी तिला डॉक्टर बदलून बदलून थेंब पाजले. तुझ्या वाटेनं ती दमली, माझ्याही वाटेनं दमली. पोरीनं दोन्ही तोंड वाकडं करून गिळलं.

आता मला राग कुणावर काढायचा ते कळेनासं झालंय. तुझ्यावर काढणं सोपं होतं, सवयीचं होतं.

वासुदेव

ता. क. जय अजूनही बाही खाली ओढून बसतो. इथे जून असून उकडतंय.


२६ जून

अक्का,

जयला तू विचारलंस म्हणे, मामा आता काय नवीन लिहितोय. म्हणजे पत्रं पोचतायत. सरी, ठीक.

मी माझंही रक्त दिलं. मला कोणी मागितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, गरज नाही अंकल. मी हट्ट धरला. उद्देश काही फार पवित्र नव्हता. मला वाटत होतं, माझं कोरं निघावं, मग शमिकाकडे जे आलंय ते तिच्या आईकडून आलं, प्रमोदिनीच्या माहेरून, असं म्हणता येईल. प्रमोदिनी गेली, ती भांडायला येणार नाही. म्हणजे आपल्या भीमाचार्यांच्या वंशाला डाग नाही. बघ, म्हातारपणी माणूस कुठे कुठे आधार शोधतो.

माझ्यात ते आहे.

प्रत्येकात या प्रथिनाच्या नकाशाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक चांगली असली तरी भागतं. माझी एक चांगली आहे, म्हणून मला दिसतंय आणि तुला पत्र लिहितोय. शमिकाला माझी बिघडलेली गेली. जयचं अजून पाहायचंय, पण आर्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, आणि दोन्हींतला बिघाड अगदी तोच, म्हणजे त्याच्याकडेही हेच असणार, आणि त्याला ते तुझ्याकडून आलं असणार. तुझ्यामाझ्यात ते आईबापांपैकी कुणाकडून आलं, अण्णांकडून की अव्वाकडून, हे विचारायला दोघांपैकी कोणी उरलेलं नाही. दोघांनाही ठणठणीत दिसत होतं. अण्णा नव्वदीला चष्म्याशिवाय पंचांग वाचायचे.

डॉक्टरांनी विचारलं, लग्न नात्यातलं? मी म्हटलं, हो, सख्ख्या बहिणीच्या मुलाला दिली. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या घरातही असणार, आपल्या भागात कुणाच्या घरात नाही? भावाची लेक बहिणीच्या घरी द्यायची, घरातली पोर घरात राहते, बहीणभावाचं जाणंयेणं सुटत नाही. याच्यासाठी आपण दोघांनी हौसेनं ते लग्न केलं. तू हुंडा नको म्हणालीस, मी जेवणावळी दोन दिवस घातल्या. पोरांनाही एकमेकांची आवड होती, ते मी नाकारत नाही. पण हौस आपली होती. जाणंयेणं सुटू नये म्हणून केलं आणि आता तू फोन उचलत नाहीस.

दर बाळाला चारांत एक शक्यता. आर्या ती एक होती. दुसऱ्या बाळालाही तेच चारांत एक, पहिलीला झालं म्हणून दुसऱ्याला सूट नाही. म्हणून तपासणी. ती झाली की निदान काय ते ठरवता येईल. तुझी भीती मला कळते. पण शमिकाला दुसऱ्यांदा त्यातून घालवायचं का, ते तू सांग.

*

आत्या, मी शमिका. अप्पांनी पाकीट पोस्टात टाकायला दिलं, चिकटवलेलं नव्हतं, मी वाचलं. सॉरी. खाली जागा होती म्हणून लिहितेय.

तू आणि अप्पा दोघंही माझ्याबद्दल भांडताय आणि मला कुणीच विचारलं नाही. तुला वाटतंय मी टेस्ट करून बाळ पाडणार. अप्पांनाही तेच वाटतंय, ते फक्त "काय ते ठरवता येईल" असं लिहितात. मी असं एकदा तरी म्हटलं का?

आर्याच्या वेळी आठ महिने गेले आत्या. तू मठात घेऊन जात होतीस, अप्पा हॉस्पिटलांत, मी ऑफिसची कॉल्स म्यूट करून दोघांच्या मागे. कोरमंगलाला ते खोट्या डोळ्यांचं काम करणारे सर आहेत ना, त्यांनी सांगितलं, डोळ्यांच्या खोबणीत छोट्या वाट्या पहिल्या काही आठवड्यांतच बसवायच्या असतात, दर थोड्या दिवसांनी मोठ्या करत न्यायच्या. त्यांच्या आधारानं हाडं वाढतात. उशीर झाला की चेहरा तिथे दबून राहतो. आर्याचा राहिलाय. तो तुमच्या भांडणात राहिलाय.

मला या वेळी तयार राहायचंय. वाट्या आधी करून ठेवायच्यात. हृदय आणि फुप्फुसं कुठे तपासायची, डिलिव्हरी कुठल्या हॉस्पिटलात करायची, हे ठरवायचंय. बाळ जगणारच नसेल असं काही निघालं तर ते मी आणि जय बघू. पण डोळ्यांसाठी नाही. डोळ्यांसाठी नको म्हटलं, तर आर्या मोठी झाल्यावर तिला काय सांगू? तुझ्या वेळी कळलं नाही म्हणून तू आहेस?

जयला सोड आत्या. तो जेवत नाहीये नीट.

*

अक्का, पाकीट तिनं मला परत आणून दिलं आणि म्हणाली, वाचा आणि मग चिकटवा. वाचलं. मला खरंच तेच वाटत होतं, जे तुला वाटत होतं. आपण भांडत होतो ते एकाच बाजूनं भांडत होतो.

वासुदेव


५ जुलै

अक्का,

"सुटली" एवढाच एक शब्द बोललीस आणि फोन ठेवलास, असं जय म्हणाला. कॅबमध्ये होता, सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत अडकलेला. ड्रायव्हरनं विचारलं, सार, काय झालं, कोणी गेलं का? कारण हा रडत होता. चौतीस वर्षांचा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आला. उपाशी जायची गरज नव्हती, पण तुझाच मुलगा, काहीही करायचं तर उपासानं.

त्याच्यातही आहे. कुणालाच नवल वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात शमिकाच्या पोटाला सुई. उद्या एकादशी, तुझा चातुर्मास सुरू. या वर्षी तू काय सोडतेस ते सोड, मी काही बोलणार नाही. माझं तोंड या बाबतीत बंद झालंय, आणि ते तुझ्यामुळे नाही, हे लक्षात असू दे.

आर्याबद्दल लिहीत नाही म्हणून तू जयपाशी कुरकुर केलीस म्हणे. मला वाटलं तुला नको असेल. तर ऐक. ती चालते. भिंतीला उजवा हात लावून चालते, मग हात सोडते, मग आपटते, मग उठते. माझ्या खोकण्यावरून मी कुठल्या खोलीत आहे ते ओळखते, तुझ्यासारखीच, फक्त ती फोन ठेवत नाही. तिच्या वाट्या आता पाचव्या मापाच्या झाल्यात. दर रविवारी काढून धुवायच्या, परत बसवायच्या. ओरडते, लाथा मारते. शमिका डोकं धरते आणि मी बसवतो. माझा हात कारखान्यातला आहे म्हणून शमिका म्हणते तुम्हीच बसवा. कारखान्यात मला कुठल्या कामाचा सराव करावा लागला नव्हता. इथे शनिवारी रात्री आधीच्या मापाच्या वाट्या घेऊन एकटा सराव करतो. मी ते शमिकाला सांगितलेलं नाही.

वासुदेव


७ ऑगस्ट

अक्का,

काल तपासणी आली. मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, कायदा आहे, विचारायचंही नसतं. डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवलं. आर्या माझ्या मांडीवर होती, टेबलावरचा पेपरवेट तिला सापडला होता आणि तो ती जोरजोरात आपटत होती. डॉक्टरांना दोनदा थांबावं लागलं. शेवटी तिनं पेपरवेट खाली टाकला तेव्हा त्यांनी सांगितलं.

दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. या बाळालाही.

पुढच्या महिन्यात हृदयाचं नीट चित्र घेतील, आत्ता दिसतंय त्यात काही वाईट नाही. डोळ्यांचं मात्र त्यांनी काहीच लपवून ठेवलं नाही.

जयनं खाली पडलेला पेपरवेट उचलून टेबलावर ठेवला. मग शमिकाला म्हणाला, तू म्हणशील ते. ती म्हणाली, मी आधीच म्हटलंय. मग तिनं डॉक्टरांच्या समोरच कोरमंगलाच्या त्या माणसाला फोन लावला आणि विचारलं, नव्या जन्मलेल्या बाळाचं सगळ्यात लहान माप किती असतं, ते तुमच्याकडे तयार असतं का. त्यानं तिकडून काहीतरी विचारलं असावं. ही म्हणाली, हो सर, जानेवारीत. आवाज अगदी सरळ होता. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तिथे बराच वेळ उभी राहिली. मी आर्याला दुसऱ्या हातात धरलं होतं, मला तिच्या पाठीवर हात ठेवता आला नाही.

तिनं कुणाला सांगू नका म्हटलं नाही, म्हणून तुला लिहितोय. आणि तुलाच लिहितो की मला हे नको होतं. जे निघालं ते नको होतं, आणि खरं सांगायचं तर तिनं घेतलेला निर्णयही मला नको होता. मी तिला हे कधी बोलणार नाही. ती बरोबर असेल. मला बरोबर काय तो विचार करायचं बळ उरलेलं नाही. आर्या पहिली होती तेव्हा मी धावलो, भांडलो, डॉक्टर बदलले, तुझ्याशी वैर धरलं, त्या सगळ्यात दीड वर्ष गेलं आणि दमल्याचं कळलं नाही. आता भांडायला कोणी नाही. कुणाची चूक नाही म्हटल्यावर काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नाही.

मी सत्तरीला आलो. तू पंच्याहत्तरीची. दोघं पोरं नोकऱ्या सोडू शकत नाहीत आणि सोडूही नयेत. सकाळी नऊला दोघं निघतात आणि या अकराव्या मजल्यावर मी आणि आर्या उरतो. जानेवारीपासून दोन असतील. वाट्या बसवायला एकानं डोकं धरावं लागतं आणि दुसऱ्यानं बसवावं लागतं. दोन बाळं, वेगळी मापं, एक झोपलेलं तर दुसरं रडणारं.

इथे तुझी वेगळी चूल मांडून देतो. बाल्कनीच्या बाजूची खोली रिकामी केली आहे, तिकडे आमचं कोणी येणार नाही, सोवळं मोडणार नाही. खोबरं, तूप, पापड, तुला लागतं ते सगळं इथे मिळतं, नसेल ते जय आणेल. माझ्यावर राग असेल तर राग घेऊन ये, मला त्याची सवय आहे, आर्यालाही होईल.

काल तिला मी तुझं नाव शिकवत होतो. आधी "अक्का" शिकवलं, मग आठवलं की तू तिची आजी, अक्का तू फक्त माझी. ती तेच धरून बसली आहे. अक्का अक्का करत घरभर भिंतीला हात लावून फिरते, आणि प्रत्येक दारापाशी थांबून ऐकते.

मला आता हे एकट्यानं होत नाही. ये.

वासुदेव